थांबलेली बातमी: सावधगिरी की पक्षपात?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, यवतमाळ) यांचा प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा मुले दर रविवारी सकाळी बसतात. गेल्या रविवारी अमेरिकेच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला आणि वाद हातघाईवर यायचाच बाकी राहिला. १४ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे मतदानाला तीन आठवडे उरले असताना, न्यूयॉर्क पोस्टने ज्यो बायडन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधील ईमेलची बातमी छापली. ट्विटरने त्या बातमीचा दुवाच बंद केला आणि बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी ती हातभर दूर ठेवली. अर्ध्या मुलांचे म्हणणे असे की ही उघड दडपशाही होती. उरलेल्यांच्या मते पडताळणी न झालेला मजकूर ऐन निवडणुकीत न छापणे हाच शहाणपणा होता. बातमी थांबवली, ती सावधगिरीने की पक्षप्रेमाने, हे ठरवण्याची काही कसोटी आहे काय? ‘सगळेच विकले गेले आहेत’ हे उत्तर कृपया देऊ नये, ते आमच्या पानठेल्यावर फुकट मिळते.

जुना बातमीदार (वर्धा)

गुरुजी, २०२० समजून घ्यायचे तर चार वर्षे मागे जावे लागेल. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी वॉशिंग्टन पोस्टने ट्रम्प यांची स्त्रियांविषयीच्या बोलण्याची ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली आणि तासाभराच्या आत गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे चोरलेले ईमेल बाहेर काढायला सुरुवात केली. ते ईमेल चोरीचे आहेत हे माहीत असूनही जवळपास सर्वांनी महिनाभर ते छापले. पुढे २८ ऑक्टोबरला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी खुद्द क्लिंटन यांच्या ईमेलच्या (पोडेस्टा यांचे ईमेल वेगळे) तपासाबाबत संसदेला पत्र धाडले आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सचे पहिले पान त्याच विषयाने भरले. कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यूमध्ये नंतर एक मोजणी आली होती: क्लिंटन यांच्या ईमेलवर या वृत्तपत्राने सहा दिवसांत पहिल्या पानावर जितके लेख दिले, तितकेच लेख निवडणुकीपूर्वीच्या ६९ दिवसांत सर्व धोरणविषयक प्रश्न मिळून दिले होते.

हे वृत्तपत्र क्लिंटन आणि बायडन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले मानले जाते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. २०२० मध्ये वृत्तपत्रांचा हात आखडता होता त्यात २०१६ च्या या पश्चात्तापाचा वाटा मोठा आहे, म्हणजे दुधाने तोंड पोळले म्हणून ताक फुंकणे झाले. मात्र १९ ऑक्टोबरला ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी लॅपटॉप प्रकरणात रशियाचा हात असावा असे पत्र काढले, तेव्हा ‘आमच्याजवळ पुरावा नाही’ हे त्यांनी पत्रातच लिहिले होते, आणि मथळ्यात येता येता ते वाक्य नेमके गळाले. तिथे मी सावधगिरी हा शब्द वापरणार नाही. त्या ईमेलपैकी काही खरे असल्याची पडताळणी न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टने केली ती मार्च २०२२ मध्ये.

बोंड (हिंगणघाट)

दादांचे बरोबर आहे, पण कसोटी अजून हाती लागली नाही. दरवर्षी आम्ही कापूस घेऊन खरेदी केंद्रावर जातो, तिथे ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की माल परत. मागच्या हंगामात ग्रेडरने माझ्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस मीटरला लावला, आणि माझ्या पुढच्या गाडीचा वरचाच एक पुंजका घेतला. मीटर दोन्ही वेळा खरे बोलले. माझे १२० रुपये क्विंटलमागे गेले ते हात किती खोल गेला त्यामुळे.

म्हणून दोन्ही गाड्यांत हात सारखाच जातो काय, एवढेच पाहावे. त्याचे उदाहरणही आहे. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेची चोरलेली कागदपत्रे पॉलिटिको, न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांच्याकडे पोहोचली होती, त्यांत ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्याविषयीचा मोठा अहवाल होता. तिघांनीही कागदपत्रे छापली नाहीत. या वेळी फायदा ट्रम्प यांचा झाला. २०२० ची सावधगिरी निव्वळ बायडन यांच्या प्रेमापोटी होती असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचे काय करायचे ते सांगावे. अर्थात २०१६ मध्ये हाच हात वेगळा का पडला, हा प्रश्न त्या वृत्तपत्रांनाही चुकत नाही.

नदीकाठ (आर्णी)

ताई, जे छापून आले तेच तुमच्या मीटरला लागते. विकत घेऊन पुरलेल्या बातमीचे काय? २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल एन्क्वायरर या चटपटीत बातम्यांच्या साप्ताहिकाच्या मालक कंपनीने ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचे सांगणाऱ्या एका माजी मॉडेलला १,५०,००० डॉलर देऊन तिच्या कहाणीचे हक्क घेतले, ते न छापण्यासाठीच. कंपनीचे प्रमुख डेव्हिड पेकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात शपथेवर हे सांगितले. वाचकाने दहा वृत्तपत्रे शेजारी शेजारी ठेवली असती तरी त्याला काही दिसले नसते.

आणखी एक. पक्षपाती वाहिन्या नसत्या तर लोकांनी घोटाळ्याची दखल घेतलीच असती, असे समजू नका. वॉटरगेटची, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्या प्रचाराशी जोडलेल्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घरफोडी १७ जून १९७२ ची, बातम्या त्याच उन्हाळ्यापासून येत होत्या, तरीही नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. तेव्हा तर दोन्ही बाजू दाखवण्याचे बंधन घालणारा नियमही अमलात होता.

जुना बातमीदार (वर्धा)

एक दुरुस्ती: १९४९ ते १९८७ पर्यंतचा तो नियम फक्त रेडिओ आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाला होता. वॉटरगेट ज्यांनी लावून धरले त्या वृत्तपत्रांना तो कधीच लागू नव्हता. बाकी मान्य.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांचे आभार. येत्या रविवारी २०१६ चे पोडेस्टा यांचे ईमेल, २०२० चा लॅपटॉप आणि २०२४ ची कागदपत्रे यांचे तीन कागद करतो. पक्ष आणि नावे खोडून मुलांना आधी ‘छापायचे की थांबायचे’ ते लेखी द्यायला लावतो आणि मगच नावे उघडतो. तारखाही खोडाव्यात काय?

बोंड (हिंगणघाट)

तारखा खोडू नका, गुरुजी. साल झाका, पण मतदानाला किती दिवस उरले होते ते प्रत्येक कागदावर लिहा. पडताळणीला वेळ होता की नव्हता, हे मुलांना त्यावरूनच कळेल.