सीएसआरवाले गावात आले, सोबत संत्र्याचा करार पण आणला, सही करावी का?

बागवाला_वरुड
राम राम मंडळी. वरुड तालुक्यातून लिहून राहिलो. आमची लहानशी शेतकरी प्रोड्युसर कंपनी आहे, सगळे संत्रावाले. मागच्या आठवड्यात एका परदेशी फूड कंपनीचे लोक येऊन गेले, नाव नाही सांगत कारण अजून पक्कं काहीच नाही. शाळेला रंग, डिजिटल बोर्ड, पिण्याच्या पाण्याचा आरओ आणि ठिबकचं ट्रेनिंग, हे सगळं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चातून, देतो म्हणे. फाईल घरी आणून वाचली तर मागे दोन पानं वेगळीच निघाली, आमच्या कंपनीने पाच वर्षं त्यांच्या ज्यूससाठी चुरी माल (लहान फळ) द्यायचा, आणि भाव "त्या वेळी दोघांच्या सहमतीने". सरपंच म्हणते फुकटचं आहे घेऊन टाका, अर्धे डायरेक्टर म्हणते थांबा. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून लहान फळाला कोणी विचारून नाही राहिलं हेही खरंच आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा, हे समाजकार्य समजायचं का धंदा?

अमरावतीची_ताई
दादा, मी एका संस्थेत सीएसआरचे प्रकल्प राबवते त्यामुळे कायद्याचं सांगू शकते. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, मालक परदेशातला असला तरी. म्हणजे ते उपकार करून नाही राहिले हे आधी डोक्यात ठेवा. आणि कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, २०२१ च्या दुरुस्तीनंतर नियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. शाळेचा रंग चालेल, पण "आम्हाला माल द्या तर आरओ देतो" असं एका फाईलीत बांधलं की ते सीएसआर राहतच नाही. शांतपणे त्यांना विचारा की हा प्रकल्प तुमच्या बोर्डाने मंजूर केलाय का, कारण मंजूर प्रकल्पांची यादी वेबसाईटवर टाकणं त्यांना बंधनकारक आहे, तिथे तुमच्या गावाचं काम दिसलं पाहिजे. अजून एक, तुमची प्रोड्युसर कंपनी सीएसआर राबवणारी एजन्सी होऊ शकत नाही, त्याला ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ (ना-नफा) कंपनी लागते आणि तिचा सरकारी नोंदणीचा सीएसआर-१ नंबर लागतो, त्यामुळे पैसा तुमच्या खात्यात येईल असं कोणी म्हणत असेल तर सावध राहा.

जुना_सातबारा
ताई बराबर सांगून राह्यली. आमच्या गावात बी एका कंपनीनं आरओ बसवला होता, फीत कापली, फोटू काढले, पेढे वाटले. साल दीड साल चालला. मंग मेम्ब्रेन, म्हंजे पानी गाळाची जाळी, गेली, ते बदलाले पैसे कोनी द्याचे? कंपनीवाले म्हने आमी ग्रामपंचायतले हँडओव्हर केलं, ग्रामपंचायत म्हने आमच्याकडे तरतूद नाई, लाईटबिल थकलं ते येगळंच. आता त्या खोलीत ब्लिचिंगचे पोते ठेवते. पाटी मात्र चकचकीत हाय अजून, कंपनीचं नाव दुरून वाचता येते. तवा भौ, आरओ घेनं असन तं मेंटेनन्स किती वर्सं कोन करन ते कागदावर घ्या, नाई तं रंगावरच भागवा, रंगाले मेम्ब्रेन नाई लागत 😄

पुण्यातला_वऱ्हाडी
मी फूड कंपन्यांच्या खरेदी विभागात काम केलंय, म्हणून जरा उलटं बोलतो. मला तर धंद्याचीच पानं जास्त कामाची वाटतात. २ टक्क्यांचा पैसा नफ्यावर चालतो, पुढच्या वर्षी जिल्हा बदलला की संपलं, पण कंपनीला स्वतःच्या कारखान्यासाठी जे लागते ते ती टिकवते. नेस्लेने १९६१ मध्ये पंजाबात मोग्याला दुधाचा कारखाना टाकला, दूध संकलन, जनावरांचे डॉक्टर, चाऱ्याचं मार्गदर्शन हे सगळं तिथे उभं केलं कारण चांगलं दूध रोज पाहिजे होतं, पुण्य कमवायला नाही. पोर्टर आणि क्रेमर या मॅनेजमेंटच्या लेखकांनी २०११ मध्ये शेअर्ड व्हॅल्यू म्हणून जे गाजवलं ते हेच, समाजाचा फायदा धंद्याच्या आतच बसवा, बाजूला दानपेटी ठेवू नका.
पण आपल्या संत्र्यात एक गोची आहे भाऊ. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिन नावाच्या घटकामुळे कडू होतो, आणि जगातला ज्यूसचा धंदा चालतो व्हॅलेन्सियासारख्या गोड संत्र्यावर, ब्राझील त्यातला सगळ्यात मोठा निर्यातदार. म्हणून त्यांना सरळ विचारा की आमच्या चुरीचं करणार काय, कडूपणा काढायची मशीन आहे का, का नुसतं दुसऱ्या रसात थोडं मिसळणार? मशीन असेल तर पाच वर्षं येतील. नसेल तर माझा अंदाज असा की ब्राझीलचा कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) महाग असेपर्यंत फोन उचलतील. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी कोला कंपन्यांना ५ टक्के फळांचा रस मिसळा म्हटलं होतं, तेव्हापासून आपल्याकडे संत्रावाला नुसता वाटच पाहून राहिला.

मृगबहार
मोग्याचं सांगितलं तसं बाकीचंही सांगा की. त्याच नेस्लेवर बाळाच्या डब्याच्या दुधाच्या मार्केटिंगवरून १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये डब्ल्यूएचओला आचारसंहिता आणावी लागली, आपल्याकडे १९९२ चा कायदा आला. धंद्याच्या आत बसवलेला फायदा कोणाचा ते पण पाहावं लागते ना. केरळात प्लाचिमाडाचा कोका-कोलाचा प्लांट पाण्यावरून २००४ ला बंद पडला, त्यानंतर कुठे जितकं पाणी वापरतो तितकं परत देतो ही भाषा कंपनीने जोरात सुरू केली. आपल्या वरुड-मोर्शीत आधीच बोअर किती खोल गेले ते तुम्हाला माहीतच आहे, मग ठिबकच्या ट्रेनिंगने पाणी वाचणार म्हणजे नेमकं कोणाचं वाचणार? आणि पेप्सिकोने २०१९ मध्ये लेज चिप्सच्या बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १ कोटीच्या वरचा दावा ठोकला होता, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतला, वाणाच्या नोंदणीचं भांडण तर त्यानंतरही दिल्ली हायकोर्टापर्यंत चाललं. करारात झाडांची कलमं, रोपं, वाण असा शब्द कुठे आहे का ते आधी शोधा.

बागवाला_वरुड
वाणाचं काही नाही, पाहिलं मी. पण "गुणवत्ता कंपनीच्या निकषांप्रमाणे" असं आहे आणि निकष कुठेच जोडले नाहीत. पाणी वाचवण्याचा मुद्दा तर डायरेक्टर मंडळात कोणी काढलाच नव्हता.

पुण्यातला_वऱ्हाडी
मग खरी मेख तिथेच आहे, भावापेक्षा मोठी. निकष जोडल्याशिवाय सही नको. काटा बागेत होणार का प्लांटवर, हे लिहून घ्या, कारण प्लांटवर गेलेली गाडी रिजेक्ट झाली तर परतीचं भाडं तुमच्या डोक्यावर आणि दोन दिवसांत माल दबून जातो, मग ते म्हणतील त्या भावात द्यावाच लागते. रिजेक्शन किती टक्क्यांपर्यंत, कोणासमोर, किती तासात, सगळं लिहा. "सहमतीने" काढून टाका, किमान भाव टाका, आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांचा वेगळा. आणि पाच वर्षं तुम्ही माल द्यायचाच असं असेल तर त्यांनी किमान इतके टन उचलायचेच हेही आलं पाहिजे, एकतर्फी कायले?

अमरावतीची_ताई
आणि दोन फाईली करायला सांगा दादा. शाळा-आरओची वेगळी, ग्रामपंचायतीसोबत, देखभाल कमीत कमी तीन वर्षं त्यांच्याकडे. खरेदीची वेगळी, तुमच्या कंपनीसोबत. एक नाही झाली तरी दुसरी अडायला नको. वेगळं करायला नाही म्हणाले तर तो नकार ईमेलवर मागा.

जुना_सातबारा
ईमेलवर मागतलं का निम्मे तं फिरकतच नाई 😄 सरपंचाले बी घेऊन बसा मातर, नाई तं तो रंगाच्या डब्ब्यावर सही करून मोकया होईन.

बागवाला_वरुड
सरपंच या धाग्याची लिंक मागून राहिला आता. गुरुवारी मीटिंग आहे, निकषांचा कागद आणि दोन फाईली, एवढं मागतो आधी. पुण्यातला भाऊ, किमान भावाचं कलम कसं लिहायचं त्याचा नमुना असेल तर टाका ना इथे.