अध्याहृत शब्द आणि ‘मी आईला, आई शेताला’

खानापूर : माझ्या कवितेतल्या दोन ओळी :
‘लावणी झाली. डोळे वर.
मी आईला, आई शेताला.’
वाचून एकानं विचारलं, क्रियापदं कुठायत? दुसरा म्हणाला, ती ‘अध्याहार केलीत’. हा वापर बरोबर काय? आणि एवढं गाळलेलं चालतं काय?

निपाणी : वापर उलटा झालाय. कवी शब्द गाळतो. अध्याहार वाचक करतो, म्हणजे न लिहिलेला शब्द मनानं भरून घेतो. तो शब्द अध्याहृत. आता चालतं का म्हणाल तर ‘अति तेथे माती’त क्रियापद कुणी शोधलंय? गाळलेल्याची खूण उरलेल्या शब्दांत असली की झालं. ‘आलीस?’ एवढ्यात ‘तू’ आहे, बाई आहे, एकेरीतली सलगी आहे. कन्नडातल्या ‘बंदेया?’त ‘तू’ कळतो, बाई की बाप्या ते नाही. ‘डोळे वर’ तर पक्कं आहे. भाताच्या लावणीनंतर डोळे आभाळाकडं वर कशाला, हे खानापुरात कोण विचारणार!

शहापूर, बेळगाव : माझं दुसऱ्या ओळीवर अडतंय. ‘ला’ फार कामं करतो. ‘आई शेताला’ वाचल्यावर मी लगेच ‘गेली’ जोडलं, कारण आपण ‘शेताला गेलीया’ असंच बोलतो. पुण्याचा वाचक ‘शेतात’, ‘शेतावर’ म्हणणारा. तो ‘बघते’, ‘जपते’ असलं काही भरेल. आणि ‘मी आईला’पुढं ‘गेलो’ तर बसतच नाही.
संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त न्यूनपद, म्हणजे हवा तो शब्दच नसणं, हा दोष सांगितलाय, आणि क्वचित तोच गुण होतो असंही. त्याच्या उदाहरणातली नायिका ‘मा मा’, नको नको, असं तुटक बोलते. काय नको ते क्रियापद तोंडातून फुटतच नाही. तिथं शब्द तिच्या अवस्थेमुळं गळलाय. तुमच्या ओळीत तो का गळला, ते दिसत नाही.

खानापूर : मला ‘बघतो’ म्हणायचं होतं.

निपाणी : मग ‘मी बघतो आईला, आई शेताला’ करा. पुढचं ‘बघते’ आपोआप येतं. पाणिनीच्या सूत्रांत मागचा शब्द असाच पुढं चालत येतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात.

खानापूर : खरं मग शेताला गेलेली आई ओळीतून जाते की. मला ती पण हवी. ‘आई शेताला’ तसंच ठेवतो, ‘मी आईला’ तेवढं बदलून बघतो.