टॅब नुसता पडून उतरतो म्हणजे बॅटरीच गेली का?

माणदेशी:
परवा टॅबवाला_बाबांनी इथे विचारलं, "रात्री ८० टक्क्यांवर ठेवला, कुणी हात लावला नाही, सकाळी ६५. काय करू?" खाली अकरा उत्तरं. त्यातली नऊ एकाच चालीची: बॅटरी गेली, नवीन घ्या. वायफाय चालू होतं का, टॅब किती जुना, सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत वर कोणतं ॲप आहे, एकानेही विचारलं नाही. लोकांच्या कष्टाच्या पैशाबद्दल इतकं सहज बोललेलं मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या वडिलांचा दहा इंची टॅब, बॅटरीची क्षमता ७०४० एमएएच (मिलीअँपिअर-तास). रात्री ११ ला ८४, सकाळी ६ ला ६७. गावातल्या दुकानदाराने टॅब हातात घेतला, उलटसुलट केला, "सेल बसलाय" म्हणाला आणि अठराशे सांगितले. वडील पैसे द्यायला तयार होते. मी सुट्टीला गेलो होतो म्हणून थांबवलं.

हिशोब करून बघा. १७ टक्के म्हणजे साधारण १२०० एमएएच, तेही सात तासांत. म्हणजे सरासरी १७० मिलीअँपिअर सतत ओढले जातायत. गाढ झोपलेला टॅब एवढं ओढत नाही. अँड्रॉइडला ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाची झोपेची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद, टॅब हलत नाही, की थोड्या वेळाने ॲपचं नेट तुटतं आणि त्यांना अधूनमधूनच काम करू दिलं जातं. टेबलावर पडलेल्या टॅबला डोझ लागलाच पाहिजे. लागत नसेल तर कुणीतरी त्याला जागं ठेवतंय.

दुसऱ्या रात्री फ्लाइट मोडवर ठेवला. ८२ चे ८१ झाले. तिसऱ्या रात्री वायफाय चालू केलं, १६ टक्के गेले. मग बॅटरीची यादी उघडली. फोटो बॅकअपचं ॲप बॅकग्राउंडला सहा तास. वडिलांनी कधीतरी "परवानगी द्या" दाबलं होतं, त्यामुळे ते ॲप बॅटरीच्या निर्बंधांतून सुटलेलं. चुलतभावाच्या लग्नाचा चार जीबीचा व्हिडिओ ते रात्रभर चढवत होतं. राउटर पुढच्या सोप्यात, वडिलांची खोली मागे, रेंजची एकच काडी. अर्ध्यावर तुटायचं, परत पहिल्यापासून. तो व्हिडिओ बॅकअपमधून काढला. आता रात्रीत दोन टक्के जातात.

तेव्हा फ्लाइट मोडवर उतरला तर बॅटरी, नाही उतरला तर ॲप. एवढं साधं आहे.

सोल्डरगन:
बारा वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवतोय. साधं अजिबात नाही. फ्लाइट मोडने रेडिओ (मोबाइल नेटवर्क, वायफाय) बंद होतात, ॲप नाही. निर्बंधांतून सुटलेलं ॲप नेटशिवायही वेकलॉक, म्हणजे टॅबला झोपू न देणारी पकड, धरून बसतं, स्क्रीन काळी पण प्रोसेसर जागा. असा टॅब फ्लाइट मोडवरही उतरतो. तुमचा नियम पाळून लोक चांगले सेल काढून टाकतील.

खरी तपासणी पॉवर ऑफ. आकडा कागदावर लिहा, टॅब पूर्ण बंद करा, सकाळी चालू करून बघा. लिथियम सेल स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्के उतरतो. एका रात्रीत बंद टॅबचे पाच-दहा गेले तर दोष सेलचा नाहीतर बोर्डाचा, तिथे ॲपचा संबंध नाही.

दुसरं. पाच वर्षांत सेलची क्षमता निम्म्यावर आली की त्याचा एक टक्काही निम्मा होतो. तुमचे १७० मिलीअँपिअर कोरा सेल धरून काढलेले आहेत.

आणि दुकानदार टॅब उघडून का बघत नाही म्हणाल, तर तो गोंदाने चिकटवलेला असतो. शेकून सोडवताना डिस्प्ले तडकला तर भरपाई मी देतो. गेल्या पावसाळ्यात एका मास्तरांचा टॅब आला, तक्रार हीच, "नुसता उतरतो". डिस्प्लेची कड नखभर वर आलेली. मागचं झाकण काढलं तर सेल उशीसारखा फुगलेला. तोच टॅब ते रोज उशाशी घेऊन झोपत होते. त्यांना मी रात्र-रात्र आकडे लिहीत बसा म्हणू?

माणदेशी:
फुगलेल्या सेलबद्दल माझा वाद नाही, तो त्याच दिवशी बदलायचा. निम्म्या क्षमतेचं म्हणाल तर त्याने दोनाचे चार होतील, सतरा नाही होणार. पॉवर ऑफचं मात्र बरोबर आहे, ते माझ्याकडून राहिलं. पण तुम्ही हे इथे लिहिलंत. आमच्या बाजारपेठेतला माणूस सांगत नाही, थेट अठराशे मागतो.

सोल्डरगन:
तो मागतो म्हणून आम्ही सगळे लुटारू झालो? गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून "आत्ता सांगा" म्हणतं. दोन दिवस टॅब ठेवून जा म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं. तपासणीचे शंभर रुपये मागितले तरी तोंड वाकडं. आम्हालाही घर चालवायचंय.

एक्स्चेंजकाका:
मुळात तुम्ही लोक बॅटरी वापरता चुकीची. ३४ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ४८ व्होल्टची बॅटऱ्यांची बँक, २४ सेल, प्रत्येकाच्या आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजून वहीत लिहायचो. बॅटरीला शिस्त लागते. महिन्यातून एकदा टॅब पूर्ण शून्यावर आणा, मग सलग शंभर करा. वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या आम्ही अशाच टिकवल्या.

माणदेशी:
काका, तुमची वॉकीटॉकी निकेल-कॅडमियमची. मेमरीचा दोष, म्हणजे अर्धवट उतरवून भरत राहिलं की क्षमता घटल्यासारखी होते, तो त्या सेलचा. लिथियम-आयनला तो नाही, उलट शून्यावर नेलं की त्याचं आयुष्य घटतं. आणि एक्स्चेंजची बँक शिसे-आम्लाची, तीसुद्धा तुम्ही तळाला जाऊ देत नव्हता.

एक्स्चेंजकाका:
बँकेबद्दल मला शिकवू नका. तुमचा जन्म व्हायच्या आधी मी हायड्रोमीटर धरलाय.

माणदेशी:
वय काढायचं कारण नाही. लिथियम-आयन सेल बाजारात आला १९९१ मध्ये, त्याच्या शोधाला नोबेल मिळालं २०१९ मध्ये. रसायन वेगळं, तर नियम वेगळा. माझ्या मामेभावाने हाच सल्ला पाळून टॅब शून्यावर आणला आणि दोन महिने कपाटात ठेवला. नंतर तो चार्जच झाला नाही.

सोल्डरगन:
इथे मी काकांच्या बाजूने अर्धा आहे. आकडा दाखवणारा गेज कधीकधी चुकतो. ३० वरून एकदम ५, नाहीतर तासभर १०० वरच. तेव्हा एकदा पूर्ण खाली आणून सलग भरला की आकडा ताळ्यावर येतो. सेल सुधारत नाही, आकडा सुधारतो. दर महिन्याला करायची गरज नाही.

एक्स्चेंजकाका:
मग तेच तर मी म्हणत होतो. लिथियमला शून्य सोसत नाही हे ठीक आहे, मानतो. पण आकडा लिहून ठेवायची सवय आमचीच, आज तुम्ही सगळे तेच करताय.

पूर्वा_त:
तुमच्या भांडणात मूळ प्रश्न राहिला बाजूला. मी अँड्रॉइडचं काही शिकलेले नाही, घरात जे झालं ते सांगते. सासूबाईंच्या टॅबच्या यादीत सगळ्यात वर गूगल प्ले सर्व्हिसेस, म्हणजे बाकीची ॲप ज्याच्यामार्फत कामं करून घेतात ते गूगलचं आतलं ॲप. दिरांनी ते जमेल तेवढं बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपचे मेसेज वेळेवर येईनात, सासूबाई घाबरल्या, मुलीचा फोन लागला तरी रडत होत्या. खरं कारण होतं हवामानाचं विजेट. ते सारखं लोकेशन विचारायचं आणि तो खर्च प्ले सर्व्हिसेसच्या नावावर पडायचा. विजेट काढलं, उतार थांबला. यादीत वर दिसणारा दोषी असतोच असं नाही, एवढं तरी लोकांना सांगा.

आणि लोकेशनच्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनिंग, ब्लूटूथ स्कॅनिंग असं वेगळं असतं. वायफाय बंद केलं तरी स्कॅनिंग चालू राहतं. हे मला कळायला वर्ष लागलं.

माणदेशी:
पूर्वाताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. माझ्या बाबतीत यादीने सरळ उत्तर दिलं म्हणून मी तिच्यावर जास्त विसंबलो.

टॅबवाला_बाबा:
मूळ प्रश्न माझा होता. नवीन टॅब मागवून झाला होता, हा धागा वाचून ऑर्डर थांबवली. दोन रात्री आकडे लिहिले.

पूर्ण बंद ठेवून: ७१, सकाळी ७१.
फ्लाइट मोडवर: ६८, सकाळी ५९.

डिस्प्लेची कडही चारी बाजूंनी बोट फिरवून बघितली, सपाट आहे.

सोल्डरगन:
सेल ठीक आहे, पैसे घालू नका. नेटशिवायही आतलं काहीतरी जागं आहे. स्क्रीनवर येणारं 'पॉवर ऑफ' दाबून धरा, सेफ मोड विचारेल. त्यात नंतर टाकलेली ॲप चालत नाहीत. एक रात्र तसा ठेवा. उतरला नाही तर शेवटची टाकलेली ॲप एकेक करून काढा.

माणदेशी:
माझ्या नियमाने यांची बॅटरी गेली असती. सोल्डरगन, तुमचं बरोबर, माझं चूक.

टॅबवाला_बाबा:
मुलाने गेल्या महिन्यात अलार्मचं आणि पावलं मोजायचं अशी दोन ॲप टाकलीयत. आज सेफ मोड. आत्ता ७७ आहे, रात्रीचे १०.४०. सकाळी लिहितो.