मदत हवी आहे : विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही सकाळी क्लोरीन शून्य

गावच्या नळयोजनेची विहीर गोल आहे, व्यास 6 मीटर आणि पाणी 4 मीटर, म्हणजे साधारण 1 लाख 13 हजार लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरून 565 ग्रॅम टीसीएल टाकतो. पावडर बादलीत कालवून 10 मिनिटं निवळू देतो; चुन्याचा गाळ बाहेर टाकतो, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून ढवळतो. (बरेच जण कोरडी पावडर वरून फेकतात, ती नुसती तळाशी जाऊन बसते.) पोतं नवं आहे, क्लोरीन 30 टक्क्यांच्या वर.

अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (रंगावरून क्लोरीन दाखवणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) घेतली की पिवळा रंग येतो, पण मोकळा क्लोरीन देतो तसा 10 सेकंदांत नाही. चार-पाच मिनिटांत हळूहळू चढतो. म्हणजे मोकळा क्लोरीन नाहीच, अमोनियाशी बांधला गेलेला दिसतो. रात्री उपसा बंद असूनही सकाळी तोही नाही.

संशय चढावरच्या शोषखड्ड्यावर आहे. अंतर जेमतेम 11 मीटर, वर मुरूम, खाली भेगाळ काळा पाषाण. असल्या खडकात विहीर आणि शोषखड्ड्यात 15 मीटर अंतर ठेवायच्या नियमाचाही फारसा भरवसा नाही.

हॉरॉक संचाने क्लोरीनची मागणी (पाणी किती क्लोरीन खातं ते) काढून डोस वाढवता येईल, पण सांडपाणी झिरपत असेल तर ती मलमपट्टीच. म्हणून आधी शोषखड्ड्यात मीठ ओतून विहिरीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची आहे; मीठ झिरपत आलं तर ती वाढेल. एवढ्या पाण्यात फरक कळायला मीठ किती लागेल? नमुने वरून घ्यावेत की झऱ्याच्या तोंडाशी? सोबत अमोनिया, नायट्रेट तपासून घेतोच. आणखी काय तपासावं?