बीएमसी ते प्लँट: घट नेमकी कुठं मोजायची?

भोगावतीकाठ: राधानगरी रोडला आमचं बीएमसी (बल्क मिल्क कूलर, दूध थंड करून साठवायची टाकी) आहे, 2,000 लिटरचं. सहा संस्थांचं दूध येतं, बहुतेक म्हशीचं. संकलन वाढतंय, तरी दर दहा दिवसांच्या बिलात प्लँटकडून फॅटची घट लागते. संस्थांचे सचिव म्हणतात आमचं बरोबर, टँकरवाला म्हणतो माझं बरोबर. रोजच्या नोंदीत काय धरलं की दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते कळेल?

फॅटकिलो: दादा, घट लिटरवर बघू नका, किलो फॅटवर बघा. डिपस्टिक (टाकीतली मोजपट्टी) लिटर सांगते आणि प्लँटचा काटा किलो, म्हणून आधी लिटरला 1.03 नं गुणा (एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं). समजा 1,000 लिटर 6.8 फॅटनं गेलं: 1,030 किलो, म्हणजे 70.04 किलो फॅट. प्लँटला 1,024 किलो, 6.7 लागली: 68.61 किलो. घट 1.43 किलो, दोन टक्क्यांच्या वर. यातली दूध कमी भरल्याची फक्त 0.41, बाकीची 1.02 किलो फॅटच्या रीडिंगमधली. म्हणजे सांडलवंड शोधत बसण्यात अर्थ नाही, सॅम्पल तपासायला हवं. हाच हिशोब संस्था ते बीएमसी आणि बीएमसी ते प्लँट असा वेगवेगळा रोज मांडा.

म्हशीच्या दुधात फॅटचे कण मोठे, साय लवकर वर येते. टँकर भरण्याआधी ॲजिटेटर (टाकीतला ढवळायचा पंखा) दहा मिनिटं तरी फिरवा, प्लंजरनं (चकती लावलेल्या दांड्यानं) वरखाली ढवळून मगच सॅम्पल घ्या. दोन बाटल्या सील करा, एक तुमच्याकडं थंड ठेवा. फेस असताना डिपस्टिक वाचू नका, आणि टाकीचे पाय लेव्हलला आहेत का तेही बघा. एक पाय खचला की रोज एकाच बाजूची चूक येत राहते.

मिल्क ॲनालायझर (फॅट मोजायचं मशीन) आठवड्यातून एकदा गर्बरशी (ॲसिडनं फॅट वेगळं करून मोजायच्या चाचणीशी) ताडा: 10 मिली ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, 65 अंशांचं पाणी. गाय आणि म्हैस या दोन्ही चॅनेलवर वेगळं.

थंडसाखळी: फॅटबरोबर वेळही लिहा. पहिला कॅन काट्यावर कधी आला, दूध टाकीत कधी पडलं, 4 अंशाला कधी आलं, टँकर कधी सुटला. सकाळचं थंड दूध टाकीत असताना संध्याकाळचं कोमट ओतलं तर मिश्रण 10 अंशांवर जाऊ देऊ नका. गेलं तर कूलर कमी पडतोय किंवा कंडेन्सरवर धूळ बसलीय. लाईट गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटंही त्याच वहीत घ्या.

महिन्याची सरासरी काढून समाधान मानू नका. एमबीआरटी (दुधात टाकलेल्या मिथिलीन ब्लूचा रंग उडायला लागणारा वेळ; जंतू जास्त तर वेळ कमी) 30 दिवसांत 27 वेळा पाच तासांवर आणि तीनदा अर्ध्या तासात पडली, तर ते तीन दिवस कुठल्या संस्थेचे, कुठल्या पाळीचे, हेच शोधायचं. पावसाळ्याचे आकडे वेगळे ठेवा. पुलावर पाणी आलं की टँकर अडकतो, त्या दिवसांचा दोष ड्रायव्हरच्या माथी मारणं अन्याय आहे.

भोगावतीकाठ: आभारी आहे. एक राहिलं: फॅट कमी लागते, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) प्लँटला उलट जास्त दिसतो. हे कसं?

फॅटकिलो: धारोष्ण दुधात हवा अडकलेली असते, लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायचं यंत्र) कमी दाखवतो. थंड होऊन काही तास गेले की सीएलआर (तापमानानुसार दुरुस्त केलेलं लॅक्टोमीटरचं रीडिंग) थोडा चढतो. शिवाय संस्थेत रीडिंग 27 अंशांना घेतात का, आणि सीएलआर आणि फॅटवरून एसएनएफ काढायच्या सूत्रात शेवटी मिळवायचा आकडा दोन्हीकडं एकच आहे का, ते विचारा. एकीकडं 0.36 आणि दुसरीकडं 0.44 असेल तर तेवढ्यानंच 0.08 चा फरक पडतो, दूध तेच असलं तरी.