मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस लक्षद्वीपला जाते का?

नाशिकरोडचा_मामा

मंडळी, प्रश्न भाच्याचा आहे पण अडकलोय मी. रविवारी वडिलांना घ्यायला नाशिकरोड स्टेशनला गेलो होतो, सोबत हा नऊ वर्षांचा कार्टा, गाडी लेट, मग बाकड्यावर बसून वडापाव खाणे आणि अनाउन्समेंट ऐकणे एवढाच कार्यक्रम. तेवढ्यात मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस लागली आणि हा म्हणतो, मामा ही समुद्रावरून जाते का? म्हटलं नाही रे, एर्नाकुलमपर्यंतच, पुढे जहाज. तर म्हणे मग डब्यावर खोटं कशाला लिहिलंय. यावर काय बोलणार. मग सुरूच झाला, तिथे मुख्यमंत्री कोण, डोंगर आहे का, नदी कोणती.

घरी येऊन बघितलं तर २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४,४७३! अहो आपल्याकडे मनपाच्या एकेका प्रभागात पन्नास हजारांच्या आसपास माणसं आहेत. म्हणजे अख्खा केंद्रशासित प्रदेश आपल्या सव्वा-दीड प्रभागाएवढा आणि त्याला स्वतंत्र खासदार. एवढुशा जागेचा कारभार चालतो कसा, लोक राहतात कसे, कोणी गेलंय का तिकडे? गुगलवरचं चिकटवू नका, तेवढं मला पण येतं.

अभ्यासिकेतला_कायमचा

दादा मुख्यमंत्री नाहीच तिथे, विधानसभाच नाही तर मुख्यमंत्री कुठून येणार. राष्ट्रपती प्रशासक नेमतात, तोच सगळं बघतो. कलम २३९ आणि २४०, माझे पाठ आहेत, परीक्षेत आलं तर बरं नाहीतर इथे तरी उपयोग. २४० ची गंमत अशी की अशा काही प्रदेशांसाठी राष्ट्रपती थेट नियम काढू शकतात आणि त्याला कायद्याइतकंच वजन असतं. म्हणजे आपल्याकडे जे काम विधानसभेत आरडाओरडा होऊन होतं ते तिथे कागदावर होतं.

जिल्हा एकच. हायकोर्ट केरळचं. दहा बेटांवर वस्ती आहे, कवरत्ती, अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कदमत, कल्पेनी, किलतान, चेतलत, बित्रा आणि मिनिकॉय. खाली द्वीप पंचायती आणि वर जिल्हा पंचायत, पंचायतींचे नियम १९९४ ला आले.

१ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला पण नाव तेव्हा लक्षद्वीप नव्हतं, लॅकदीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटं असं लांबलचक होतं, ते १९७३ ला बदललं. आणि हे ऐका, १९६४ पर्यंत मुख्यालय बेटांवर नव्हतंच, कोझिकोडला होतं!! साहेब जमिनीवर आणि जनता पाण्यात.

खासदारकीचं तर वेगळंच प्रकरण. आधी राष्ट्रपतीच खासदार नेमायचे, निवडणूक १९६७ पासून. तेव्हापासून १९९९ पर्यंत एकच माणूस, पी. एम. सईद, सलग दहा वेळा. लोकसभेचे उपाध्यक्ष पण होते. आणि २००४ ला पडले किती मतांनी, ७१. आमच्या वाड्यातल्या लग्नाला याच्यापेक्षा जास्त पानं उठतात.

पंचवटी_एक्स्प्रेस

@कायमचा यात आपल्या महाराष्ट्राचं कनेक्शन सांगितलंच नाहीस की रे. २०१४ आणि २०१९ ला तिथून मोहम्मद फैजल निवडून आले ते घड्याळावर! बारामतीचं घड्याळ अरबी समुद्रात. २०१९ चा फरक ८२३ मतं. २०२४ ला काँग्रेसचे हमदुल्ला सईद आले, त्याच पी. एम. सईदांचे चिरंजीव.

अजून एक, डिसेंबर २०२० पासून तिथला कारभार आला तो प्रफुल्ल पटेलांकडे. आपले गोंदियाचे नव्हेत, गुजरातचे, प्रफुल खोडा पटेल, माझ्या सासऱ्यांचं आणि माझं यावरून जेवताना भांडण झालेलं आहे. आपल्या पेठ रस्त्याने पुढे उतरलं की सिल्वासा लागतं ना, तिथले प्रशासक पण तेच. २०२१ ला त्यांच्या प्रशासनाने मसुदे काढले, विकास प्राधिकरणाला जमीन घ्यायचे अधिकार, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायत निवडणूक बंद, गोमांसबंदी, असं बरंच. तेव्हा लोक घराघरात उपोषणाला बसले होते, लॉकडाऊन होता म्हणून. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही, इथे आधीच्या धाग्याचं काय झालं ते लक्षात आहे.

सातपूरकर

मला एक कळत नाही, आपल्याच देशात जायला परमिट कशाला? गोव्याला जाताना कोणी विचारतं का? आणि म्हणे बाहेरच्याला जमीन पण घेता येत नाही. पासष्ट हजार लोकांसाठी एवढे लाड आणि आपल्याकडे येऊन कोणीही प्लॉट घेतो.

जनरेटरवाले_काका

सातपूरकर, चिडू नका, मी पण तुमच्यासारखाच चिडून गेलो होतो. २००७ साली कंपनीने आठ महिन्यांसाठी कवरत्तीला पाठवलं, डिझेल जनरेटरच्या कामाला. तिथे वीज म्हणजे मुख्यतः डिझेल, थोडी सोलर, आणि डिझेल येणार जहाजाने. परमिट, पोलिसांचा दाखला वगैरे सगळं करून कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाजात बसलो आणि पहिली रात्र उलट्या करण्यात गेली, असो. सकाळी पोचलो तर जहाज लांबच थांबलं, लगूनमध्ये, म्हणजे बेटाला लागून प्रवाळाच्या कड्याच्या आत, पाणी उथळ, मग छोट्या होडीत उतरायचं. समुद्र खवळलेला असेल तर ती उडी मारायला काळीज लागतं, तिथल्या म्हाताऱ्या आज्या मात्र पिशवी काखेत मारून अशा उतरतात जशा आपल्याकडे सिटी बसमधून.

तर जमिनीचं. सगळी बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्या मनपाची हद्द २५९. सगळ्यात मोठं आंद्रोत, तेही पाच चौरस किलोमीटर भरत नाही. कवरत्तीला मी रोज संध्याकाळी या टोकाहून त्या टोकाला चालत जायचो आणि परत यायचो, तरी वेळ उरायचा. आता अशा ठिकाणी पुण्यामुंबईच्या चार बिल्डरांनी एकेक एकर घेतलं तर गाव राहील कुठे? परमिटचे नियम १९६७ चे आहेत. तिथली जवळजवळ ९५ टक्के जनता अनुसूचित जमातीत मोडते आणि ती व्याख्या पण वेगळी आहे, स्वतः आणि आई-वडील दोघंही बेटांवर जन्मलेले पाहिजेत. जातीवरून नाही, जन्माच्या जागेवरून.

पण खरं कारण मला विचाराल तर पाणी. नदी नाही, ओढा नाही, तळं म्हणावं असं काही नाही. (मामा, भाच्याला सांगा, नदी नाही.) पावसाचं गोडं पाणी प्रवाळाच्या वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, दुधावर साय धरते तसं. विहिरीतून ती साय हळूहळू काढायची. मोटर लावून खसाखसा उपसलं की खालून खारं वर येतं आणि विहीर बाद. वरून संडासाच्या टाक्या त्याच वाळूत. माणसं वाढवायची म्हणजे पहिला प्रश्न हा, बाकी सगळं नंतर. आपल्याला गंगापूर धरण आहे म्हणून परमिटचा राग येतो.

मी गेलो त्याच्या दोनच वर्षं आधी, २००५ ला, कवरत्तीला समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचा प्लांट सुरू झाला होता, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा, दिवसाला एक लाख लिटर. आम्ही मशीनवाले, आम्हाला तो बघायचं वेड लागलं होतं. वरचं समुद्राचं पाणी असतं २८ अंशाच्या आसपास कोमट. ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळे थोडं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. मग साडेतीनशे मीटर खोलीवरून पाइपने थंड पाणी ओढायचं, बारा-तेरा अंशाचं, आणि त्याच्या गारव्याने ती वाफ परत पाणी करायची. आगीची गरज नाही, मीठ गाळायचा पडदा (मेम्ब्रेन) नाही. हे तिथे जमतं कारण किनारा सोडला की समुद्र एकदम खोल होतो, पाइप फार लांब न्यावा लागत नाही. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीला पण असे प्लांट झाले.

खडकवेडा

काका तुम्ही माझं काम सोपं केलंत. समुद्र एकदम खोल का होतो? कारण ती बेटं म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखींच्या रांगेच्या माथ्यावरचं प्रवाळ आहे. आणि नाशिककरांनो इथे लक्ष द्या, तो ज्वालामुखी आपलाच आहे!

ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचा डोंगर, हे सगळं काळं बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलं गेलं. पृथ्वीच्या पोटातला जो तप्त झोत त्याला कारण मानतात तो त्याच्या जागी राहिला आणि भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो भूकवचाचा तुकडा, त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेली. मेणबत्तीवरून कागद ओढत नेला की काळी रेघ उमटते ना तशी रेघ समुद्राच्या तळावर उमटत गेली, लक्षद्वीप, मग मालदीव, मग छागोस, आणि आज तो झोत मादागास्करजवळ रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून चालू आहे. ज्वालामुखी थंड होऊन खाली खचत गेले, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहिलं, डोंगर बुडाला आणि भोवतीचं कडं उरलं, मधे लगून. कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणून भूगोलाच्या पुस्तकात होतं, चार्ल्स डार्विनची कल्पना.

डोंगर आहे का, याचं उत्तर म्हणजे आहे पण पाण्याखाली. वर जमीन बहुतेक ठिकाणी समुद्रापासून एक-दोन मीटर. आपला गोदावरीतला दुतोंड्या मारुतीचा पुतळा उचलून तिथे ठेवला तर तोच तिथला डोंगर.

स्वयंपाकघरातून_मी

काका लोकांबद्दल लिहा ना, मशीन खूप झालं 😀 बायका काय करतात, खातात काय, आणि भाषा?

जनरेटरवाले_काका

ताई, बायकांचं तर ऐकाच. जवळजवळ सगळे मुसलमान, पण घर आईकडून चालतं. तरवाड म्हणतात, आईच्या बाजूचं मोठं कुटुंब. माझ्या घरमालकिणीचे यजमान रोज रात्री जेवायला यायचे आणि सकाळी चहा पिऊन आपल्या आईच्या घरी जायचे, मला पंधरा दिवस वाटलं काहीतरी बिनसलंय दोघांचं, विचारायची सोय नाही. नंतर कळलं, जुनी पद्धतच ती. मालमत्तेचे पण दोन प्रकार, शुक्रवारची आणि सोमवारची. शुक्रवारची म्हणजे तरवाडाची, ती आईच्या वंशाने जाते. सोमवारची म्हणजे स्वतः कमावलेली, ती शरियतप्रमाणे. आता पद्धती बऱ्याच सैल झाल्यात म्हणा.

भाषा मल्याळमच पण त्यांची वेगळी, जेसरी म्हणतात, कोचीचा आमचा सुपरवायझर पण कान देऊन ऐकायचा. मिनिकॉय मात्र पूर्ण निराळं, ते मालदीवला जवळ, मधे बाकीच्या बेटांपासून नऊ अंशांची सामुद्रधुनी, शाळेत पाठ केलेली नाइन डिग्री चॅनेल. तिथे महल बोलतात, मालदीवचीच भाषा, लिहितात उजवीकडून डावीकडे. कंकणाकृती प्रवाळद्वीपाला इंग्रजीत अटॉल म्हणतात, तो शब्द त्याच भाषेतून गेलाय. कामासाठी चार दिवस गेलो होतो, १८८५ चं दीपगृह आहे तिथे, वर चढून गुडघे गेले पण वरून जे दिसतं ते लिहिता येत नाही.

खाणं म्हणजे ट्यूना आणि नारळ, नारळ आणि ट्यूना. ट्यूना जाळ्याने नाही, काठी-गळाने धरतात, आधी बारीक जिवंत मासे पाण्यात टाकायचे आणि झुंड वर आली की सटासट उचलायचे. मग उकडून, धुरावर धरून, वाळवून मासमीन करतात, लाकडासारखं कडक, वर्षभर टिकतं. दारू बंद, बंगारम हे पर्यटकांचं बेट सोडून. भाज्या सगळ्या जहाजाने, पावसाळ्यात जहाज चुकलं की दुकानात फक्त कांदे-बटाटे. एकदा दुकानदाराने कांद्याचं पोतं दाखवून म्हटलं, नासिक सवाळा. सवाळा म्हणजे कांदा. मी म्हटलं मी पण नासिकच, तर त्याने दोन कांदे फुकट दिले. लासलगावचा कांदा माझ्या आधी पोचला होता.

आजारपण मात्र वाईट. मोठं काही झालं की हेलिकॉप्टरने कोची, आणि हवा खराब असेल तर थांबायचं. फोन-नेट तेव्हा सॅटेलाइटवर, घरी बोलताना आपलाच आवाज परत यायचा. आता जानेवारी २०२४ ला कोचीहून समुद्राखालून फायबर केबलचं उद्घाटन झालं म्हणे.

सातपूरकर

पाण्याचं माहीत नव्हतं काका. परमिटचं राहू द्या. पण जमिनीचं माझं मत तेच, आपल्याकडे पण पाहिजे असा नियम.

अभ्यासिकेतला_कायमचा

खडकवेडा सरांचं मेणबत्तीचं उदाहरण मी मुख्य परीक्षेत वापरणार आहे, रॉयल्टी मागू नका.

नाशिकरोडचा_मामा

भाच्याला सगळं वाचून दाखवलं, शुक्रवार-सोमवारपाशी जरा गाळलं. वहीत त्याने गाडीचं नाव सुधारून घेतलंय, मंगला एर्नाकुलम पुढे होडी एक्स्प्रेस. बित्रा बेटावर २०११ ला २७१ माणसं होती हे दाखवलं तर म्हणे आमच्या शाळेत याच्यापेक्षा जास्त आहेत, मग आम्हाला खासदार का नाही. आणि खडकवेडा, आज सकाळपासून एकच विचारतोय, दुतोंड्या मारुतीला तिकडे न्यायचं तर त्याचं परमिट काढावं लागेल का.

जनरेटरवाले_काका

लागणार. आई-वडील तिथले नाहीत ना त्याचे.