मदत हवी आहे: अल्फा-१ ची पातळी कमी, पण जनुक चाचणीत म्युटेशन नाही. पुढे काय?

पिंपळपान:
धाकट्या भावाला (वय ३६) जिना चढताना धाप लागते. सिगारेट कधीच ओढलेली नाही. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या खालच्या भागात एम्फिसीमा (हवेच्या पिशव्या खराब होणं) दिसला, म्हणून डॉक्टरांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन (यकृतात बनणारं, फुप्फुसांचं रक्षण करणारं रक्तातलं प्रथिन) तपासायला सांगितलं. पातळी आली ४१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रिपोर्टवर नॉर्मल ९० ते २०० छापलंय. मग जनुक चाचणी केली, तिचा निकाल एका ओळीचा: 'एस व झेड म्युटेशन आढळले नाही.' घरचे खूश झालेत, मला काही पटत नाहीये. जनुक ठीक असेल तर प्रथिन गेलं कुठे? डॉक्टरांची तारीख लांबची आहे. तोवर त्यांना नेमकं काय विचारायचं, ते कोणी सांगेल का? भावाला लहान मुलगी आहे, तिचीही काळजी वाटते.

जेलवाला:
तुमची शंका रास्त आहे. या चाचणीत बहुधा रिअल-टाइम पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तपासण्याची पद्धत) हे प्रथिन बनवणाऱ्या सर्पिना-१ जनुकातल्या दोनच जागा पाहतात: प्रथिनात २६४ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असेल तर एस, ३४२ व्या जागी लायसिन असेल तर झेड. (नव्या क्रमांकनात हेच २८८ आणि ३६६ लिहितात, रिपोर्ट वाचताना गोंधळू नका.) प्रथिन ३९४ अमिनो आम्लांचं. दोन घरांची कडी वाजवून गावात कोणी नाही म्हणावं, तसा हा निकाल. रिपोर्टवर 'फक्त एस व झेडसाठी' हे ठळक का छापत नाहीत, देव जाणे.

आधी एक सांगा: सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं मुख्य प्रथिन) आणि लघवीतलं प्रथिन तपासलंय का? यकृताचा गंभीर आजार असेल किंवा मूत्रपिंडातून, आतड्यातून प्रथिन वाहून जात असेल तरी पातळी घसरते. आणि शरीरात दाह असेल तर ती उलट वाढते, म्हणजे खरा आकडा ४१ पेक्षाही कमी असू शकतो.

पिंपळपान:
सीआरपी आणि अल्ब्युमिन नॉर्मल, लघवीत प्रथिन नाही. चाचणीचा निकाल चुकवेल असंही काही नाही: रक्त चढवलेलं नाही, यकृताचं प्रत्यारोपणही नाही.

जेलवाला:
मग बाकीची कारणं मागे पडतात. या जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. एक प्रत चांगली आणि एक निकामी असती तर पातळी साधारण निम्म्यावर थांबली असती. ११ मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे नेफेलोमेट्रीने (प्रकाश किती विखुरतो त्यावरून प्रथिन मोजण्याची पद्धत) सुमारे ५७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ही जोखमीची रेषा धरतात आणि तुमचा आकडा तिच्याही खाली आहे. दोन्ही प्रतींमध्ये काहीतरी बिघडलंय असं मी धरून चालेन.

पुढची पायरी आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग. सीरमची प्रथिनं जेलवर पीएचच्या उतारावर पळवतात आणि पट्ट्या कुठे थांबल्या ते पाहतात. एम (नॉर्मल), एस, झेड ही अक्षरं पट्टी कुठे थांबते त्यावरून आलीत. पण जेलवर दिसणार ते रक्तात असलेलंच प्रथिन. 'नल' प्रतीतून प्रथिन बनतच नाही, त्यामुळे एम आणि नल असलेला माणूस जेलवर एमएमसारखाच, म्हणजे दोन्ही प्रती नॉर्मल असल्यासारखा दिसतो. एम-माल्टन हा प्रकार तर आणखी फसवा. त्यात ५२ व्या जागचं फेनिलॲलॅनिन गळालेलं असतं, पट्टी एमच्या जवळ पडते, आणि प्रथिन मात्र झेडसारखं यकृतात अडकतं.

म्हणून मी सरळ पूर्ण सिक्वेन्सिंग (जनुक अक्षर न् अक्षर वाचणं) मागेन: एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले जनुकाचे तुकडे) २ ते ५ आणि त्यांच्या कडा. वाचायची पद्धत सँगर असो वा एनजीएस, एवढ्या छोट्या जनुकाला दोन्ही चालतात.

रानजाई:
एक भर घालते. सिक्वेन्सिंगही 'स्वच्छ' आलं तर थांबू नका. एका प्रतीतला मोठा तुकडाच गायब असेल तर सँगरमध्ये उरलेली प्रत तेवढी वाचली जाते आणि सगळं नीट वाटतं. त्यासाठी एमएलपीए किंवा तशीच प्रतींची संख्या मोजणारी दुसरी चाचणी लागते. आमच्या नात्यात असंच निघालं होतं, ते कळायला फार वेळ गेला.

आणि आईवडील दोघांचे नमुने घ्या. दोन बदल सापडले तर ते एकाच प्रतीवर आहेत की दोन वेगवेगळ्या, हे त्यांच्यावरून पक्कं होतं.

पिंपळपान:
आईवडील तयार आहेत. पण मुलीचं आत्ताच करावं का?

रानजाई:
पातळी मोजायला हरकत नाही, फक्त सर्दीतापात नको. जनुकाचं मात्र भावाचा बदल सापडल्यावर करा, म्हणजे तिच्यात नेमकी तीच जागा पाहता येईल. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एक तिच्याकडे येणारच. कुठली आली, ते महत्त्वाचं. झेड, एम-माल्टन यकृतालाही त्रास देऊ शकतात. नलमध्ये यकृतात साचायला काही नसतं, धोका फुप्फुसाला.

जेलवाला:
आधीच्या लॅबला फोन करून विचारा, भावाचा डीएनए शिल्लक आहे का. असेल तर सिक्वेन्सिंगला तोच चालेल. जेलसाठी मात्र ताजं सीरम द्यावं लागेल.